एक वाटी बेसन म्हणजे किती ग्रॅम

मी श्रीगोंद्यात एकटा राहतो. शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजत निवृत्त झालो. त्यानंतर थोड्याच दिवसांत बायको गेली. मुलगी जर्मनीत असते. रविवारी तिचा फोन येतो. एरवी घरात बोलणं असं होत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी ती म्हणाली, "अण्णा, आईसारखे बेसनाचे लाडू जमेनात. तीन वाट्या बेसन, सव्वा वाटी तूप, दीड वाटी पिठीसाखर, एवढं आठवतंय. पण इथल्या कपानं मोजून केले की लाडू बसतात. माझ्याकडे काटा आहे. आईच्या वाटीत किती ग्रॅम मावतं ते सांगता का?"

घरात काटा नव्हता. बायकोची पोचे आलेली स्टीलची वाटी घेऊन मी किराणा दुकानात गेलो. दुकानदारानं रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, बेसन भरलं आणि वरून बोट फिरवून सपाट केलं.

"शंभर ग्रॅम भरलं, काका."

त्याच वाटीत पिठीसाखर जास्त भरली, तूप त्याहून जास्त. रविवारची वाट न बघता मी मुलीला आकडे कळवले.

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. लाडू पेढ्यांसारखे चपटे झाले होते. "राहू द्या, अण्णा," ती फोनवर म्हणाली. तिचा आवाज इतका उतरलेला होता, की मला घरात बसवेना.

शेजारच्या बाई आणि माझी बायको दिवाळीचा फराळ मिळून करायच्या. बायको गेल्यापासून मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी वाटीचं सगळं सांगितलं.

"सपाट न्हाई हो, भाऊजी! ताई बेसनाला लई मोठी शीग लावायच्या. साखर तेवढी काठोकाठ." त्यांनी हातानं वाटीवरचा ढीग दाखवला. "मी म्हनायचे, ताई, सांडंल की! तर म्हनायच्या, सांडू दे, खाली ताट हाय."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. ती गेल्यानंतर तिचं नवं असं काही पहिल्यांदाच कानावर पडलं.

"अजून काय म्हणायची?" मी विचारलं.

बाई आठवू लागल्या. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठून गेल्या. मी थोडा वेळ थांबलो, मग निघालो.

दुकानात जाऊन शीग लावून बेसन भरायला सांगितलं. एकशे तीस ग्रॅम भरलं. तसं तीन वाट्या बेसन घरी आणलं आणि मुलीला नवा आकडा कळवला.

या वेळी तिचे लाडू उभे राहिले. व्हिडिओ कॉलवर तिनं एक खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. मग तिनं विचारलं, "तुम्ही केले का?"

"उद्या करतो."

खरंच केले. बेसन करपेल म्हणून लवकर उतरवलं. शेजारी चार नेऊन दिले. "जरा कच्चं ऱ्हायलं, पन चांगलं झाल्यात," बाई म्हणाल्या.

दिवाळीत माझ्याकडे कुणी आलं नाही. उरलेले डब्यात भरले आणि दुपारच्या चहाबरोबर रोज एक खात गेलो. शेवटचे थोडे खवट झाले होते. तेही खाल्ले.