न मोजलेली फुंकर

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास मी सांगलीच्या एका कॉलेजात स्टोअरकीपर होतो. शेजारच्या प्रयोगशाळेत एक प्राध्यापक तापलेल्या नळीवरून कधी हवा, कधी कार्बन डायऑक्साइड, कधी हायड्रोजन सोडत. दाब कमीजास्त करत आणि कोणता वायू नळी किती लवकर गार करतो ते बघत बसत. सिलिंडर मीच पुरवायचो.

चहा मात्र त्यांनी कधी फुंकून प्यायला नाही. आपोआप गार होईपर्यंत थांबायचे. मी एकदा कारण विचारलं.

"फुंकरीचा दाब कुणाला ठावं हाय?" ते म्हणाले. कोरेगावची बोली त्यांनी वर्गातही सोडली नव्हती, आणि हे ते चेष्टेनं म्हणाले नव्हते.

एका दुपारी रिकामा सिलिंडर हलवताना माझा हात त्या नळीवर पोळला. सकाळपासून चाललेला प्रयोग त्यांनी तसाच बंद केला. माझा हात पाण्याखाली धरला, मला खुर्चीवर बसवलं आणि समोर उकिडवं बसून हातावर फुंकर घालत राहिले. कपाळावर घाम आला तरी थांबले नाहीत.

"आता बरं वाटतंय, सर," मी म्हणालो.

"वाटंल. पर दाब एकसारखा ऱ्हाईना," ते म्हणाले आणि पुन्हा फुंकर घालू लागले.