आमच्या घरचा तापलेला चार्जर

गाडी घेऊन वर्षही झालं नाही, पण चार्जरचे किस्से इतके साठलेत की माहेरी फोन केला तर आई आधी विचारते, "चार्जर कसाय?" नातवाचं नंतर.

राहायला आम्ही बारामतीत, माझी नोकरी लोणी देवकरच्या कारखान्यात. रोजच्या जाण्यायेण्यासाठी इलेक्ट्रिक कार घेतली. उन्हाळा लागला आणि चार्जरच्या प्लगला हात लावला की चटका बसायला लागला. गाडी अर्धी भरली की चार्जिंग बंद.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, चार्जर थंड जागी लावा."

"मे महिन्यात बारामतीत थंड जागा म्हणजे आमचा फ्रिज."

"ओके मॅडम, तिथं ट्राय करून बघा."

*

माझे सासरे, आबा, कऱ्हाटीची शेती सोडून आता आमच्याकडेच असतात. एका दुपारी मी पार्किंगमध्ये गेले, तर आबा चार्जरला ओलं पोतं गुंडाळतायत. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"आबा, करंट बसला असता ना!"

"माठाला गुंडाळतोच की आपण."

"माठाला वायर असते का?"

"नसती. म्हणून तर तापत न्हाय त्यो."

*

खूप फोन केल्यावर कंपनीचा मेकॅनिक आला. नेमकी सकाळपासून लाईट नव्हती. त्यानं प्लगला हात लावला.

"एकदम थंड आहे, मॅडम."

"अहो, लाईट नाहीये."

"हो, पण आत्ता थंड आहे ना."

मोबाईलवर तक्रार बंद केली आणि गेला.

*

शेवटी नवऱ्यानं गल्लीतल्या सलीमभाई वायरमनना बोलावलं. त्यांनी सॉकेट उघडलं. आतलं प्लास्टिक वितळलेलं, एक वायर ढिली होऊन काळी पडलेली.

"वहिनी, जाळ झाला न्हाय हे नशीब," ते हळूच म्हणाले.

आबा रोज तिथंच हात लावून बघायचे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सलीमभाईंनी मीटरपासून जाड वायर ओढली, नवं सॉकेट बसवलं. प्लग तापायचा थांबला.

*

पुढच्या आठवड्यात नवरा फोन घरी विसरला आणि हेल्पलाइनचा कॉल आबांनी घेतला. "समदं नीट सांगितलं," एवढंच मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच मेकॅनिक दारात.

"आता काय?" मी विचारलं.

त्यानं मोबाईलमध्ये पुन्हा एकदा वाचून खात्री केली. "मॅडम, चार्जर तापत नाही अशी तक्रार आहे."

आतून आबा म्हणाले, "व्हय, म्याच केली. आता चालू हाय का बंद, हात लावून कळतच न्हाय."