मोघ्यांचा शुक्रवार

मोघे घरी आले की आधी बाथरूममध्ये जात. आपण पाणी विचारायच्या आत हा माणूस डोळे मिटून छताखालच्या गीझरला कान देऊन उभा. पहिल्या वेळी मला वाटलं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. पण उंच इमारतींमधून पाणी कसं खेळवायचं हे आखणारा तो इंजिनिअर होता आणि ऑफिसातल्या कागदांवर त्याची हौस भागत नसे. आखातात, अल मनखूलच्या आमच्या इमारतीत कुणाचाही गीझर कुरकुरला की वॉचमनच्या आधी मोघे हजर. "वहिनी, पाना शेवटी. आधी कान," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मे महिन्यात ते दारोदार विचारत फिरत, "गीझर बंद केलात का?" उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. मग गीझर बंद ठेवायचा आणि त्यात साठून निवलेलं पाणी गरम नळातून घ्यायचं. नव्याने आलेल्या कुटुंबांना हे उलटं शास्त्र मोघेच शिकवत. "इथे लाल नळ थंड आणि निळा गरम. सुट्टीत पुण्याला गेलात की विसरा बरं का, नाहीतर भाजून याल!"

मग मंदी आली. अर्ध्या बांधलेल्या इमारती तशाच उभ्या राहिल्या आणि मोघ्यांची नोकरी गेली. नीलिमावहिनी मुलांना घेऊन पुण्याला परतल्या. मोघे शारजात चारजणांच्या खोलीत राहून, व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधू लागले. शर्ट सैल दिसायला लागले होते, पण जेवायला बोलावलं की म्हणत, "उगीच कशाला, वहिनी? काही काम असेल तर सांगा."

एकदा खरंच काम निघालं. आमच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळू लागला. मोघे शुक्रवारी आले. कान दिला, वीज बंद केली, व्हॉल्व्हची छोटी कळ उचलून जोरात पाणी सोडलं आणि आतला गाळ धुऊन काढला. ठिबकणं थांबलं. मग हात धुऊन निवांत पाटावर बसल्यासारखे टेबलाशी बसले आणि मागून मागून आमटी घेतली. "खलास! पोट भरलं."

ते गेल्यावर माझा नवरा अविनाश म्हणाला, "आता पुढच्या शुक्रवारी काय बिघडवायचं?"

तो थट्टेत म्हणाला, पण मी मनावर घेतलं. कळ अर्धवट उचलून सोडली की कचरा फटीत अडकतो आणि व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो, हे मोघ्यांनीच सांगितलं होतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर चढले. मग दर शुक्रवारी चढत राहिले. आमची लेक दार उघडतानाच ओरडे, "काका, इट्स लीकिंग अगेन!"

"हट्टी आहे हा, हबीबी," मोघे गंभीरपणे म्हणत. नोकरीचं विचारलं की "इन्शाल्ला" म्हणून बाथरूमकडे वळत. एकदा ते आत बराच वेळ नळ सोडून राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "आज गाळ फार होता," म्हणाले. मी ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटत राहिले.

एका शुक्रवारी ते नवा कोरा व्हॉल्व्ह घेऊन आले. बसवला, कान दिला, जेवले. मग म्हणाले, "उद्या निघतोय, वहिनी. पुण्याला. इथलं संपलं." दारात चपला घालताना हळूच पुढे म्हणाले, "हा आता गळायचा नाही. तुम्हीही स्टुलावर चढू नका. पडाल एखाद दिवशी."

माझा चेहरा उतरला. "भाऊजी, कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्याच खेपेला. स्टूल तिथेच होतं, ओलं." ते हसले. "पण शुक्रवार सोडवेना."

पुढे काही महिन्यांनी नीलिमावहिनींचा फोन आला. मोघे झोपेतच गेले होते. फोन ठेवून मी बाथरूममध्ये गेले, डोळे मिटून गीझरखाली उभी राहिले. काही ऐकू येईना. मग स्टूल ओढलं, वर चढले आणि कळ अर्धवट उचलून सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. मोघ्यांनी बसवलेला व्हॉल्व्ह होता, एक थेंब गळला नाही.