चिठ्ठीत मी नव्हतो

काकांनी माझी पिशवी काठीच्या टोकाला अडकवून अंगणात आणली. हात लांब धरलेला. तोंड दुसरीकडे वळवलेलं. पिशवी माझ्या पायांशी टाकली आणि काठीही तिथेच सोडून दिली. भिंतीशी उभीसुद्धा केली नाही.

ती काठी माझ्या ओळखीची होती. माजघरात उंच बांधलेल्या दोरीवर सोवळ्याचे कपडे वाळत. त्यांना हात लावायचा नसे, म्हणून काकू ते या काठीने वाळत घालत आणि काठीनेच काढत. अर्ध्या तासापूर्वी काकांनी याच काठीने दोरीवरून एक रेशमी मुकटा खाली काढला होता. माझ्यासाठी. मी तो नेसावा आणि त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला ब्राह्मण म्हणून पाटावर बसावं, यासाठी.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. जमेल तसं सांगतो.

मी नागपूरकडच्या एका खेड्यातला. जातीने महार. वडील गावकीची कामं करतात. आमच्या घरात शाळेत बसलेला मी पहिला. बसलेला म्हणजे दाराबाहेर बसलेला. मॅट्रिक झालो, कॉलेजात आलो, इतिहास घेतला.

आमच्या इतिहासाच्या सरांची एक कल्पना होती. राज्यं नव्याने आखली जाणार होती. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघणार होता आणि ग्वाल्हेर मध्य प्रदेशात येणार होतं. सर म्हणत, नकाशे बदलतात तेव्हा माणसांनी एकमेकांची घरं पाहावीत. मुलांनी सुट्टीत परगावी जावं, तिथल्या एखाद्या मराठी घरी उतरावं, त्यांच्यात राहून गाव पाहावं. सर आपल्या ओळखीच्यांच्या नावे चिठ्ठी देत. यजमान ठेवून घेत, जेवू घालत. बदल्यात काही द्यायचं नसे. उद्या त्यांच्यापैकी कुणी आपल्या गावी आलं तर आपण दार उघडायचं, एवढंच.

ती कल्पना मला फार आवडली. आमच्या दारात कुणी उतरेल का, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

सरांनी दिलेली चिठ्ठी उघडीच होती. मी वाचली. ‘पत्र घेऊन येणारा माझा विद्यार्थी. हुशार आणि सुशील. घरच्यासारखा ठेवून घ्यावा.’ खाली माझं नाव. आडनाव मास्तरांनी शाळेत गावावरून लावलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्यावरून काहीच कळत नाही. मी चाचरत विचारलं, सर, त्यांना ठाऊक आहे ना? सर म्हणाले, विचारलं तर सांग, आपण होऊन कशाला सांगायचं? मला ते पटलं. खरं तर मी पटवून घेतलं.

निघताना आईने शेवयांचा डबा दिला. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणाली. चार दिवस खाटेवर फडकं पसरून तिने त्या वाळवल्या होत्या.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, खासगी बाजारातल्या एका गल्लीत होतं. यजमानांना मी काका म्हणू लागलो. ते जुन्या दरबारच्या दफ्तरात कारकून होते. दरबार संपला, दफ्तर राहिलं. आता तेही हलणार, असं बोललं जात होतं. कुणी जबलपूर म्हणे, कुणी भोपाळ. काका मला पुन्हा पुन्हा सांगत, “सात पिढ्या इथे गेल्या. परक्या गावात आपलं कोण? कुणाच्या तरी घरीच उतरावं लागेल आधी.” मला त्यांची कीव यायची.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, “देशस्थ की कऱ्हाडे?” मी तोंड उघडलं तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी प्रवासाचं विचारायला सुरुवात केली. काकांनी पुन्हा विचारलं नाही. मीही पुन्हा बोललो नाही. ते मौन माझं होतं. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तीन दिवस मला त्या घरात जे मिळालं ते मला कुठेच मिळालं नव्हतं. काकू ताटाशी बसून वाढायच्या. “अरे बेटा, इतकंसंच? आणखी घे ना. दुबळा होऊन राहिला आहेस.” त्यांचं मराठी असं हिंदीच्या वळणाचं होतं आणि त्यांना त्याची लाज वाटे. मी पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलायचो, तर त्या काम थांबवून ऐकत. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला, सुधाला, त्यांनी माझ्यापुढे बसवलं. म्हणाल्या, हिला जरा शुद्ध बोलायला शिकव, आमच्याकडून ही काय शिकणार? सुधा एक ओळ मराठीत वाचायची आणि दुसऱ्या ओळीला “दादा, अब आप पढ़ो ना” म्हणून पुस्तक माझ्याकडे सरकवायची. मी वाचायचो. घरातली तिन्ही माणसं ऐकायची.

ज्याला वर्गाबाहेर बसवून अक्षरं शिकवली, त्याच्याकडून ते घर शुद्ध मराठी शिकत होतं. मला गंमत नाही वाटली. मला भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आईच्या शेवयांची खीर केली. सगळ्यांनी दोनदा घेतली. काका म्हणाले, अशी बारीक शेवई इकडे कुणाला जमत नाही. मी मनात म्हटलं, आईला हे सांगेन.

रविवारी काका मला किल्ला दाखवणार होते. गच्चीवरून तो रोज दिसायचा.

चौथ्या दिवशी श्राद्ध होतं. दोन ब्राह्मण सांगितले होते. सकाळीच निरोप आला की एकाला उन्हाची लू लागली आहे, तो येत नाही. दुसरा निघाला होता. स्वयंपाक पहाटेपासून सोवळ्यात चालू होता. काका अंगणात येरझारा घालत होते. मी आंघोळ करून उघड्या अंगाने मोरीतून बाहेर आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, घरात ब्राह्मण असताना मी शोधतोय कुठे!”

मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. जानवं नव्हतं. ते हसले. “कॉलेजात गेलात की ते खुंटीला टांगता तुम्ही लोक. आजचा दिवस घाला. वडिलांसाठी मागतोय.”

काठीने मुकटा काढून त्यांनी पाटावर ठेवला. देवघरातून नवं जानवं आणलं आणि वरून माझ्या ओंजळीत सोडलं.

ते हळदीने पिवळं होतं. ओलसर होतं. वजन काहीच नव्हतं.

मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं? जेवलो असतो. रविवारी किल्ला पाहिला असता. काकूंनी स्टेशनावर डबा दिला असता. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पण समोरचा माणूस आपल्या मेलेल्या बापासाठी मागत होता. त्याच्या बापाच्या पानावर मी खोटा बसू? आणि माझा बाप? जिवंत असलेला? त्याला पुसून टाकल्याशिवाय मला हे जानवं घालता येणार नव्हतं.

मी म्हणालो, “काका, मी महार आहे.”

ते काही वेळ हसतच राहिले. चेहऱ्याला कळायला उशीर लागला. मग ते दोन पावलं मागे गेले. म्हणाले, “खाली ठेव ते.”

तीन दिवस ‘तुम्ही’ म्हणत होते. एका वाक्यात ‘तू’ झालो.

मी जानवं दगडावर ठेवलं. ते कुणी उचललं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, त्या काहीतरी म्हणतील. तीन दिवस त्या मला बेटा म्हणत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या.

“त्या शेवया... तुझ्या आईने केलेल्या?”

मी हो म्हणालो.

त्यांनी पदर तोंडावर धरला. मोरीशी गेल्या आणि चुळा भरू लागल्या. दोन दिवसांपूर्वी खाल्लेल्या खिरीच्या चुळा. एक, दुसरी, तिसरी. मी मोजत नव्हतो, पण ऐकू येत होतं. उरलेल्या शेवयांचा डबा त्यांनी मागच्या दाराने नेला. डबा परत आला नाही. आईने तो परत आणायला सांगितला होता.

मी सदरा घातला. काकांनी पिशवी काठीवर आणली. तेवढ्यात दुसरे भटजी दारात आले. काका त्यांना म्हणाले, आमच्या पाहुण्यांनाही लूच लागली आहे, त्यांना वैद्याकडे पाठवतोय. मी पिशवी उचलली. बाहेर पडलो.

सुधा जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिला काही समजलं नव्हतं. ती म्हणाली, “दादा, आपने खाना नहीं खाया.”

त्या मुलीला मी काय उत्तर द्यायचं होतं? मी दिलं नाही. ते अजून माझ्याकडेच आहे.

गल्लीच्या तोंडाशी काकांनी मला गाठलं. सोवळ्यावर पंचा घेऊन धावत आले होते. चार हात दूर उभे राहिले. आवाज मऊ केला होता.

“हे पाहा, तुम्ही माणूस चांगले आहात.”

पुन्हा ‘तुम्ही’. आता त्यांना माझ्याकडून काही हवं होतं.

ते सांगत राहिले. हे बाहेर कळलं तर लष्करातलं एकही मराठी घर त्यांच्याकडे पाणी पिणार नाही. दफ्तर हलल्यावर परगावी कुणी त्यांना उतरू देणार नाही. मी सरांना पत्र लिहावं, सगळं उत्तम झालं म्हणून. त्यांनी घाईने खरडलेली एक चिठ्ठीही आणली होती. किला गेट भागात एक मराठा कुटुंब होतं, जुन्या फौजेतलं. तिथे माझी सोय होईल, किल्लाही जवळ पडेल. चिठ्ठी त्यांनी आमच्या मधल्या एका ओट्यावर ठेवली आणि मागे सरकले.

“फक्त तिथे काही बोलू नका. आजही बोललात तेच चुकलं तुमचं.”

मी चिठ्ठी उचलून वाचली. ‘पत्र घेऊन येणारे गृहस्थ सुशील आहेत.’ माझं नाव होतं. मी नव्हतो. सरांच्या चिठ्ठीतही नव्हतो. एकाने प्रेमाने गाळलं होतं, दुसऱ्याने भीतीने.

मी खिशातून पेन्सिल काढली. चिठ्ठी ओट्यावर परत ठेवली आणि पेन्सिल तिच्यावर ठेवली. म्हणालो, “मी कोण ते यात लिहा. मग जातो.”

काका पेन्सिलीकडे पाहत राहिले. त्यांनी तिला हात लावला नाही. श्राद्धाची वेळ टळत होती. ते वळले आणि घाईघाईने घराकडे गेले.

मी पेन्सिल घेतली. चिठ्ठी तिथेच राहू दिली.

स्टेशनाकडे चालत गेलो. ऊन पेटलं होतं. बाड्यापाशी, तिथल्या मोठ्या चौकात, नळ होता, तिथे पाणी प्यालो. किल्ला सगळ्या रस्त्याने दिसत राहिला. मी तो आतून पाहिलेला नाही.

घरी आईने विचारलं, शेवया आवडल्या का त्यांना? मी म्हणालो, दोनदा घेतल्या. ते खरं होतं. डब्याचं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.  ती उठली आणि चूल फुंकू लागली. चूल पेटलेलीच होती.

काकांनी पहिल्या दिवशी वाचून माझ्याकडेच दिलेली चिठ्ठी मी सरांना परत केली. म्हणालो, यात एक शब्द राहिला होता. ते म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच गाळला. मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं. तेही मला जसा आहे तसा कुणाच्या दारात उभा करायला तयार नव्हते.

पुढच्या सुट्टीत मी पुन्हा जाणार आहे. पत्र माझं मीच लिहिलं आहे. ‘मी कॉलेजात शिकतो. जातीने महार आहे. तुमचं गाव पाहायला येतो आहे. मला घरात, तुमच्या पंगतीत घेणार असाल तर कळवा.’ अशी अकरा पत्रं टाकली. अजून एकाचंही उत्तर नाही.

बारावं आज टाकलं. ते खासगी बाजारात, काकांच्या पत्त्यावर.