सकाळचा पूर माझ्याआधी पोचला

मंडळी, युसूफ वडगाव नावाच्या गावाखाली मांजरा नदीच्या काठावर बसून मी सांगतोय. उद्या पंचमी. धाकटी बहीण गया पलीकडच्या गावात दिलेली हाय. तिला माहेरी न्यायला मी मुराळी म्हणून आलोय.

आमचं गाव याच नदीवर, पार वर, डोंगराच्या अंगाला. सकाळी नदीला पूर आलता. आई म्हणाली, "वाट तर याच काठानं हाय. नीघ की." मी म्हणालो, "पाणी उतरू दे, खाली नदी ओलांडायच्या उतारावर अडकायला नको." आमच्याकडं नदी अरुंद, नुसती धोंड्यांची. पूर येतो तसा जातो. मी निवांत तंबाखू मळत बसलो. पाणी उतरल्यावर तट्टावर बसून निघालो.

दिवस कलताना इथं पोचलो, तर नदी दोन्हीकडच्या शेतांत पसरलेली. नावाडी म्हणाला, "पाव्हणं, दुपारपर्यंत गुडघाभर होतं. बायामाणसं पायी उतरली. आता नाव बंद, निजाम सरकारचा हुकूम हाय. हितलं पाणी लवकर उतरत न्हाई."

सकाळी मी ज्याला जाऊ दिलं, तेच हे पाणी.

गया पलीकडं गाठोडं घेऊन लई वेळ उभी होती. मग पदर हलवून काहीतरी ओरडली आणि माघारी वळली. आमच्याकडं बाया या काठावरनं त्या काठाला गप्पा मारतात. इथं मला तिचा एक शब्द ऐकू आला न्हाई.

उद्या आई विचारंल, पोर काय म्हणाली? तुमीच सांगा, काय सांगू?