सिमेंटचा गिलावा आणि धुळ्याचे पाहुणे

असोद्याच्या आमच्या मातीच्या घरात आजवर एकच गोष्ट पडली, आणि ती मी बसवलेली होती.

घर आजोबांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. माती आणि गव्हाचं भुसकट पायांनी तुडवायचं, गोळ्यावर गोळा रचायचा आणि दोन हात जाड भिंत चढवायची. मे महिन्यात बाहेर कावळे चोची उघड्या टाकून बसत आणि आम्ही आत दुपारी चादर शोधत असू. पण मी पडलो जळगावच्या कचेरीतला कारकून! साठ-पासष्टच्या त्या दिवसांत मातीचं घर सांगायचीही मला लाज वाटे. त्यातच माझ्या धाकट्या बहिणीला, सुशीला, बघायला धुळ्याचे पाहुणे यायचे ठरले. पोरीला आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. म्हणून मध्यस्थाला मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "घर पक्कं आहे!"

आता ते पक्कं करणं आलं. परमिटवर पोतंभर सिमेंट मिळवलं, एसटीच्या टपावरून आणलं आणि आदल्या दिवशी बैठकीच्या भिंतीवर स्वतःच थापायला घेतलं.

"त्या भितीले काय धाड भरली रे?" आबा, म्हणजे माझे वडील, कळवळले. "मातीवर सिमीट धरत नाही, बापा!"

"आबा, जग कुठल्या कुठे गेलं!" मी सुनावलं. (तेव्हा माझ्या कानातही सिमेंट होतं.) वर हौसेनं एक नवी खुंटीसुद्धा ठोकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाहुणे आले, मुलगाही सोबत होता. मुलाचे वडील नाना, त्या उन्हात कोट घालून!

"वा! पक्कं काम शे!" नानांनी भिंत न्याहाळली आणि कोट काढून खुंटीला अडकवला.

कर्रर्र! खुंटी आली. खुंटीमागून गिलावा आला. गिलाव्यामागून उरलेला गिलावा आला! धुरळा बसला तेव्हा नाना टोपीपासून धोतरापर्यंत करडे झालेले.

"हाई भीत मातीनी शे?"

"छे! म्हणजे... आतून थोडीशी..."

"थोडीशी?"

नानांनी भिंतीला तळवा लावला. मग गाल लावला. मग चक्क पाठ टेकून खाली बसले.

"आते समजनं आठे इतलं थंड कसं शे! तठे धुळ्याले स्लॅबनं घर बांधं, दोन उन्हाळा दुपारले डोळा लागत नही!"

एवढं बोलून नाना घोरायला लागले. उठवणार कोण? तेवढ्यात सुशी खाली मान घालून चहा घेऊन आली, मान वर केली आणि तो करडा पुतळा बघून खदखदून हसली. बघायच्या कार्यक्रमात मुलगी हसली! गेलं, हेही स्थळ गेलं! पण समोर बघतो तर मुलगाही तोंडाला रुमाल लावून हसतोय. मला इतकं हायसं वाटलं की सगळ्यांसमोर डोळे पुसले.

उन्हं कलल्यावर नाना उठले.

"पोर पसंत शे. पन एक अट शे."

आबांचा चेहरा उतरला. मी हात जोडले.

"लगीन याच घरमा लावा. अन् तवपर्यंत तुमना या पोऱ्याले भीतले हात लावू देऊ नका!"

अट तंतोतंत पाळली गेली. लग्नात नवरीच्या भावाला मानानं मांडवाच्या मधोमध बसवलं होतं आणि मी भिंतीकडे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक मामा!