बाईंचा तिसरा प्रश्न

सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंसमोर भाषण करायची हिंमत शाळेत फार थोड्यांना होती. मुख्याध्यापक सकाळी मैदानावर 'दोन शब्द' बोलायला उभे राहत आणि पोरांचे पाय दुखेपर्यंत बोलत. पहिल्याच तासाला बाई त्या भाषणाची चिरफाड वर्गाकडून करून घेत. फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न कायमचे लिहिलेले असत: कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? ऐकून त्यानं काय करावं, असं वाटतंय? ज्या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही, ते खोडायचं. मग तोच नियम आपापल्या निबंधाला लावायचा. दुसऱ्याचं खोडताना पोरं शूर असत, स्वतःचं खोडताना अगदी जिवावर येई. तरी वर्ष संपेपर्यंत त्यांचे निबंध खरोखर सुधारत, हे बाईंवर खार खाणारेही कबूल करत.

घरीही सुटका नव्हती. "नळ गळतोय, कुणीतरी बघायला हवा," असं नवरा म्हणाला की बाई विचारत, "कुणीतरी म्हणजे कोण? कुणाशी बोलताय?" तो बिचारा मुकाट्यानं पाना घेऊन नळाखाली शिरे.

ताईच्या बाबतीत मात्र हे अंगाशी आलं. बाईंची ही थोरली बहीण नर्स होती. निवृत्तीच्या समारंभात ती आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली. खाली उतरली आणि धाकटीजवळ येऊन म्हणाली, "कसं झालं गं?" अशा वेळी शेंबडं पोरही 'छान' म्हणतं. बाई म्हणाल्या, सुरुवात लांबली, आभार दोनदा मानलेस, आणि मधला घरगुती भाग विषय सोडून होता. ताई नुसतं "बरं" म्हणाली. त्यानंतर दोन महिने तिनं धाकटीचा फोन घेतला नाही. भाची घ्यायची आणि "आई झोपलीये" म्हणायची, मग सकाळ असो की भर दुपार.

बाईंना ताईवाचून करमेना. पण आपलं चुकलं, हे मानायलाही मन तयार होईना. शेवटी भाचीनं मोबाइलवर केलेलं त्या भाषणाचं रेकॉर्डिंग त्यांनी वर्गात लावलं. कुणाचं आहे, ते सांगितलं नाही. निकाल आपल्याच बाजूनं लागणार याची त्यांना खात्री होती. न्यायाधीश त्यांनीच तर तयार केले होते!

पोरांनी सुरुवात खोडली. दुसऱ्यांदा मानलेले आभार खोडले. बाई खुशीत आल्या. मग मधला भाग आला. ताई म्हणत होती, "माझी पहिली पेशंट म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी ती बोलायचीच नाही. कुठं दुखतंय विचारलं की गप्प. तिच्याजवळ नुसतं बसून राहायला मी तेव्हा शिकले. पुढं नोकरीभर तेच केलं." (न बोलण्याची ती कसर बहिणीनं पुढं व्याजासकट भरून काढली, हे ताईनं भाषणात सांगितलं नव्हतं.)

"हे खोडायचं ना?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई!" पहिल्या बाकावरची वेणीवाली ताडकन उठली. "बाकी सगळं त्या सगळ्यांशी बोलतायत. एवढंच एकटीशी बोलतायत. ती बहीण तिथं होती का?"

"होती."

"मग ऐकून तिनं काय केलं?"

सगळा वर्ग पेन उघडून उत्तराची वाट बघत राहिला. बाईंनी खडू उचलला, परत ठेवला आणि घंटा व्हायच्या आधीच वर्ग सोडून दिला. असं आजवर झालं नव्हतं. बाईंना काय झालं, ते पोरांना कळलं नाही, पण आनंद फार झाला.

संध्याकाळी बाई ताईच्या दारात उभ्या होत्या. बसमध्ये त्यांनी चांगली चार वाक्यं जुळवली होती. दार ताईनंच उघडलं, आणि त्यातलं एकही आठवेना.

"तू माझ्याबद्दल बोलायला लागलीस आणि मला रडू यायला लागलं," बाई कशाबशा म्हणाल्या. "एवढ्या लोकांत रडायचं नव्हतं मला. म्हणून मी तुझ्या चुका मोजत बसले."

ताई दार पुरतं उघडून म्हणाली, "अगं, मला त्या दिवशी एवढंच तर ऐकायचं होतं."